प्रत्येक कॅप्टन वेगळं सांगतो, मग मी कुणाचं ऐकायचं?

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: तुम्ही सोलापूरचे, एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर (उजव्या सीटवरचे सहवैमानिक), लाईनवर, म्हणजे प्रवासी उड्डाणांवर, येऊन वर्ष होत आलंय. एका कॅप्टननी खाली येताना स्पीडब्रेक (हवेचा अडथळा वाढवणाऱ्या पंखांवरच्या फळ्यांचा लिव्हर) ओढला म्हणून सुनावलं, दुसऱ्यांनी ओढला नाही म्हणून. एक जण म्हणतात थ्रस्ट (इंजिनाचा जोर) तीस फुटांवर काढ, दुसरे म्हणतात विमान स्वतः 'रिटार्ड' (थ्रस्ट कमी कर) म्हणेपर्यंत हात हलवू नकोस. एका लँडिंगला कॅप्टननी न सांगता स्वतःची साईडस्टिक (विमान उडवायची बाजूची दांडी) हलवली, विमान जोरात टेकलं आणि सेफ्टी विभागाचं पत्र तुमच्या नावे आलं. त्यावर रोस्टरचा ताण. आणि शेवटी विचारलंय, आता आपल्या सोलापुरातूनही विमानं उडतायत, तर मोठी कंपनी सोडून छोट्या विमानांच्या कंपनीत जावं का?

मी आधी टर्बोप्रॉपवर (प्रॉपेलरच्या विमानावर) आणि नंतर एअरबसवर उडालो. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं प्रशिक्षक म्हणून गेली, आता निवृत्त होऊन सोलापुरातच असतो. तुमच्या सीटवरून काय दिसतं ते मला माहीत आहे, आणि शेजारी बसून शिकवताना नवा माणूस कुठे अडखळतो तेही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. मी इथे लिहिलेलं आणि तुमच्या कंपनीचं मॅन्युअल यांत फरक दिसला तर मॅन्युअल धरा. कंपनीगणिक नियम थोडे बदलतात आणि तुमची कंपनी कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही. लिहिलं नाहीत ते योग्यच केलंत.

कॅप्टन वेगवेगळं उडवतात ही मुळात अडचण नाहीच. ते तसं उडवणारच. कुणी हवाई दलातून आलेलं असतं, कुणी एटीआर या प्रॉपेलरच्या छोट्या विमानावर वर्षं काढून, कुणी बोइंगवरून, कुणी कॅडेट म्हणून थेट याच विमानावर. बोइंगवाल्यांना ऑटोथ्रॉटल (थ्रस्ट आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना थ्रस्टचे लिव्हर हाताखाली सरकताना जाणवायची सवय असते. एअरबसवर तशीच यंत्रणा, म्हणजे ऑटोथ्रस्ट, चालू असताना लिव्हर जागचे हलत नाहीत, म्हणून ही माणसं सारखी इंजिनाच्या आकड्यांकडे बघतात आणि तुम्हालाही बघायला लावतात. एटीआरवर जमिनीजवळ पॉवर लवकर काढली की प्रॉपेलरचा रोध (हवेतला अडथळा) वाढतो आणि विमान धपकन बसतं. ज्यांच्या अंगात हे भिनलंय ते एअरबसवरही थ्रस्ट उशिरा काढतात. प्रत्येक सवयीमागे कधीतरी एक खरं कारण होतं.

अडचण अशी आहे की कोणत्या गोष्टीत फरक चालतो आणि कोणत्या गोष्टीत अजिबात चालत नाही, हे तुम्हाला कुणी वेगळं काढून दाखवलेलं नाही. आणि जिथे फरक चालतो तिथे तो आधी बोलून दाखवला जात नाही. माझ्या मते कॉकपिटमधला निम्मा त्रास या न बोलण्यातून येतो. तंत्र वेगळं असण्यात धोका थोडा असतो. शेजारच्याला ते माहीत नसण्यात खूप असतो.

जिथे फरक चालत नाही ते आधी बघू. हजार फुटांवर चाकं खाली, लँडिंगचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण, वेग अ‍ॅप्रोचच्या (धावपट्टीकडे उतरत येण्याच्या) ठरलेल्या वेगापेक्षा दहा नॉटहून जास्त नाही आणि पाचहून कमी नाही, उतरण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत, थ्रस्ट आयडलच्या (किमान जोराच्या) वर स्थिरावलेला. काही कंपन्या हवा स्वच्छ असेल तर हीच अट पाचशे फुटांवर ठेवतात. आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या. पण तो आकडा आला आणि विमान असं स्थिर नसेल तर उतरणं सोडून परत वर जायचं, म्हणजे गो-अराउंड करायचा, यात कुणाची शैली नाही, ज्येष्ठता नाही, आणि 'मी सावरतो' हेही नाही.

आपल्या गावात हे समजवायला चिमणीचं उदाहरण आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षं वाद झाला आणि १५ जून २०२३ ला ती पाडली. सभासद शेतकऱ्यांना ते लागलं आणि त्यांचं दुःख खरं होतं. पण त्या काळात ओळखीतले लोक मला विचारायचे, पायलट चांगला असेल तर चिमणी चुकवून उतरता येत नाही का? एखाद्या दिवशी येईलही. पण धावपट्टीपुढचं ते मोकळं आकाश चांगल्या दिवशीच्या चांगल्या वैमानिकासाठी आखलेलं नसतं. ज्याचं एक इंजिन बंद पडलंय, काचेवर पाऊस आहे आणि जो दिवसातल्या चौथ्या फेरीवर आहे, त्याच्यासाठी ते आखलेलं असतं. स्थिर अ‍ॅप्रोचची अटही तशाच माणसासाठी लिहिलेली आहे. तुमचे कॅप्टन कितीही कसबी असोत, ही अट त्यांच्या कसबाबद्दल काहीच म्हणत नाही. म्हणून ती पाळायला सांगण्यात त्यांचा अपमानही नाही.

आता जिथे फरक चालतो तिथे येऊ. तुमचा स्पीडब्रेकचा प्रश्न घ्या. ३५,००० फुटांवरून तीन अंशांच्या उतारानं यायला साधारण १०५ नॉटिकल मैल लागतात, म्हणजे उंचीच्या हजारांना तीननं गुणायचं. वेग कमी करायला वर दहाएक मैल धरायचे, मागून वारा असेल तर आणखी थोडे. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. मतभेद पुढे सुरू होतो, कारण हे मैल कुठून कुठपर्यंत मोजायचे हे कुणालाच नक्की माहीत नसतं. मुंबईला कंट्रोलर कधी तुम्हाला समुद्रावर लांब फिरवतो, कधी अचानक जवळून वळवतो. ज्या कॅप्टननी स्पीडब्रेक ओढल्यावर सुनावलं त्यांचा बहुधा अंदाज होता की पुढे वाट लांबणार आहे, उंची आपोआप जिरेल, उगाच इंधन जाळून परत थ्रस्ट लावावा लागेल. ज्यांनी न ओढल्याबद्दल सुनावलं त्यांना वाट आखूड होणार असं दिसत होतं. दोघंही आपापल्या दिवशी बरोबर असतील. दोघांनीही आपला अंदाज मोठ्यानं सांगितला नाही आणि तुम्हीही विचारला नाही.

म्हणून माझा सल्ला, 'स्पीडब्रेक ओढू का?' असं विचारू नका. 'सर, इथून अजून किती मैल धरताय?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही, आणि त्यातून तुम्ही काहीच शिकत नाही. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना कॅप्टनला आपलं डोकं उघडून दाखवावं लागतं. तुमचा स्वतःचा आकडाही तयार ठेवा. तीस मैलांवर १०,००० फूट आणि २५० नॉट, दहा मैलांवर ३,००० फूट आणि वेग दोनशेच्या खाली येत असलेला. या दोन ठिकाणी तुम्ही कुठे आहात हे प्रत्येक उतरणीत स्वतःशी म्हणा. वर असाल तर साधनं तीनच आहेत: वाट लांबवणं, रोध वाढवणं, किंवा परत वर जाणं. स्पीडब्रेकचा परिणाम वेग जास्त असताना जास्त होतो, म्हणून काही जण आधी वेग ठेवून स्पीडब्रेकनं उंची घालवतात आणि मग वेग मोडतात. काही जण आधी वेग कमी करून फ्लॅप आणि चाकं लवकर काढतात. दोन्ही चालतं. पहिल्यात चुकलात तर हजार फुटांवर वेग जास्त राहतो, दुसऱ्यात इंधन आणि वेळ जातो. तुम्ही वर्षभराचे असताना दुसऱ्या बाजूला झुकलात तर मला आवडेल.

फ्लेअरबद्दल, म्हणजे टेकण्याआधी नाक किंचित उचलण्याबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण सेफ्टी विभागाचं ते पत्र तिथूनच आलंय. हातानं उतरवताना 'रिटार्ड' हा आवाज वीस फुटांवर येतो. ती आठवण आहे, त्याच क्षणी लिव्हर ओढलाच पाहिजे अशी आज्ञा नाही. फ्लेअर साधारण तीस फुटांच्या आसपास सुरू होतो आणि थ्रस्ट कधी काढायचा हे त्या दिवशीच्या परिस्थितीवर ठरतं: वेग, वजन, वारा आणि तापमान. तापमान लोक विसरतात. आपला मे महिना घ्या. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण पंधराशे फूट उंच, दुपारचं तापमान ४२ अंश. अशा वेळी विमानाला लागणारी हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. डायलवर वेग १३५ नॉट दिसला तरी हवेतून खरा वेग १४५ च्या आसपास असतो. वारा शांत धरला तर जमिनीवरचा वेगही तोच. तीन अंशांच्या उतारावर उतरण्याचा दर म्हणजे जमिनीवरच्या वेगाला पाचनं गुणायचं. थंड सकाळी किनाऱ्यावर ६७५ फूट येईल, इथे ७२५. फरक छोटा वाटतो, पण जमीन तेवढी लवकर येते. नेहमीच्याच उंचीवर नेहमीएवढाच फ्लेअर केलात तर टेकणं कडक होणार. त्यात तापलेल्या जमिनीवरून हवा उसळत असते. ती धावपट्टीच्या तोंडाशी विमानाला उचलून धरते आणि पुढच्या क्षणी सोडते. किनाऱ्यावरच्या विमानतळांवर जास्त उडणारा कॅप्टन आणि हैदराबाद-नागपूरच्या उन्हाळ्यात रुळलेला कॅप्टन थ्रस्टबद्दल तुम्हाला वेगळं सांगतात याचं मोठं कारण हे आहे. दोघांची सवय वेगवेगळ्या हवेत तयार झालीय. त्यांच्या हाताची नक्कल करू नका. फुटांचा आकडा पाठ करण्याऐवजी त्या दिवशी तो का निवडला ते विचारा.

आता ती न सांगता हललेली स्टिक. इथे मी तुमच्या बाजूनं स्पष्ट बोलतो. एअरबसच्या दोन्ही साईडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकीला दुसरीची हालचाल जाणवत नाही. दोघांनी एकाच वेळी हलवल्या तर विमानाला दोन्हींची बेरीज मिळते आणि 'ड्युअल इनपुट' असा आवाज येतो. तुम्ही नाक उचलत असताना त्यांनीही उचललं तर दुप्पट उचललं जातं, त्यांनी खाली दाबलं तर तुमचं काम पुसलं जातं, आणि तुम्हाला वाटतं आपला हातच आज बिघडलाय. कॅप्टनना मदत करावीशी वाटली तर त्यांनी टेकओव्हरचं बटण दाबून 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि विमान घ्यायचं. मधला रस्ता नाही. शिकवताना हात शिवशिवतात हे मला माहीत आहे, पण हात पुढे गेला तर तोंडही उघडलं पाहिजे.

तुम्ही करायचं ते असं. पत्राला घाईनं माफीचं उत्तर लिहू नका आणि रागानंही लिहू नका. सेफ्टी विभागात जाऊन त्या लँडिंगचा डेटा समोर ठेवून बघायची विनंती करा. दोन्ही स्टिकच्या हालचाली त्यात वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात. कुणावर ठपका ठेवायला जाऊ नका. 'माझ्या इनपुटमध्ये काय कमी पडलं ते मला बघायचंय' एवढंच म्हणा. हे खरंही आहे, आणि बाकीचं डेटा स्वतः सांगेल. या नोंदी मुळात शिकण्यासाठी ठेवलेल्या असतात. काही ठिकाणी त्यांचा वापर धाक घालायला होतो ही या व्यवसायातली खरी तक्रार आहे आणि ती तुमच्या एकट्याची नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जे मला तुमच्या लिहिण्यात दिसलं. तुम्ही लिहिता, 'एकदा वेग जास्त होता, मी बोलणार होतो, पण सर अनुभवी आहेत म्हणून गप्प बसलो.' कृपया पुन्हा असं करू नका. २२ मे २०१० ला मंगळूरला जे विमान धावपट्टीपुढच्या दरीत गेलं त्याची चौकशी एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. उड्डाणाचा बराच काळ कॅप्टन झोपलेले होते, विमान उंचावरून आणि वेगात आलं, ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट ओलांडल्यावर टेकलं. फर्स्ट ऑफिसरनी गो-अराउंड म्हटलं होतं. १५८ माणसं गेली. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पावसात, मागून वारा असताना, ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकलं. तिथेही फर्स्ट ऑफिसरनी गो-अराउंडची हाक दिली होती. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. दोन्ही ठिकाणी कॅप्टन अनुभवी होते, आणि दोन्ही ठिकाणी उजव्या सीटवरच्या माणसाला दिसत होतं.

म्हणजे बोलणं पुरेसं नसतं, ते वेळेत आणि ठरलेल्या शब्दांत व्हावं लागतं. पाचशे फुटांवर 'सर, जरा वेग...' याला काही अर्थ नाही. दहा मैलांवर 'सर, मला आपण उंच वाटतोय' म्हणा, अजून सगळं हातात असतं. मग 'स्पीड', 'सिंक रेट' (उतरण्याचा दर) या मॅन्युअलमधल्या हाका. हजार फुटांवर 'अनस्टेबल, गो-अराउंड'. दोनदा हाक देऊन उत्तर आलं नाही तर शेजारचा माणूस भानावर नाही असं धरायचं आणि विमान घ्यायचं. हे तुम्हाला सिम्युलेटरमध्ये शिकवलंय, ते लाईनवर आल्यावर विसरायचं नसतं. फ्लाईट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात अस्थिर अ‍ॅप्रोचपैकी फक्त तीन टक्क्यांच्या आसपास वेळा वैमानिक वर गेले, बाकी सगळे उतरले. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि म्हणूनच सवय लागते. गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकाला दोष द्यायचा नाही हे धोरण आपल्याकडेही आहे. कुणी तुम्हाला त्यावरून टोमणा मारला तर तो त्यांचा प्रश्न.

अनुभव म्हणजे नेमकं काय, यावर एक घटना सांगतो. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं बोइंग ७७७ धावपट्टीआधीच्या बांधाला आपटलं, तीन जण गेले. हवा स्वच्छ होती. उडवणाऱ्या वैमानिकाकडे एकूण साडेनऊ हजारांवर तास होते, पण त्या विमानावर पन्नासहूनही कमी. शेजारचे प्रशिक्षक मुरलेले, पण प्रशिक्षक म्हणून ती त्यांची पहिलीच फेरी. ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतोय असं वाटत राहिलं, तो सांभाळत नव्हता, आणि वेग घटताना कुणी वेळेत बोललं नाही. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० तास आणि एटीपीएलला, म्हणजे कॅप्टनसाठी लागणाऱ्या परवान्याला, १,५०० तास लागतात, त्यामुळे सगळ्यांना तासांच्या भाषेत विचार करायची सवय लागते. पण कुठल्या विमानावर, कुठल्या सीटवर आणि कुठल्या हवेत, हे त्या आकड्यात नसतं. नुकतेच कॅप्टन झालेले तुमच्याशी जास्त कडक वागत असतील तर हे लक्षात ठेवा. डावी सीट त्यांच्यासाठी नवी आहे, तुमच्यासोबत ते स्वतःलाही तपासत असतात. ते लँडिंग देत नाहीत असंही तुम्ही लिहिलंय. फर्स्ट ऑफिसरला उतरवू देण्याची परवानगी सगळ्याच कॅप्टनना नसते, आणि ज्यांना असते त्यांनाही वारा आणि हवामानाच्या मर्यादा असतात. दर वेळी तो अविश्वास नसतो. ड्युटीच्या सुरुवातीलाच सरळ विचारा: 'सर, आज मला लँडिंग मिळू शकेल का?' नाही म्हणाले तर त्या फेरीत पूर्ण लक्ष मॉनिटरिंगला द्या. दुसऱ्याचं लँडिंग आकड्यांसकट बघणं हेही शिकणंच आहे.

रोजच्या कामात एवढी एक सवय लावा. तुमची फेरी असेल तेव्हा ब्रीफिंगमध्ये (उतरण्याआधी दोघांत होणाऱ्या बोलण्यात) तुमचं तंत्र वाक्यात सांगा. उदाहरणार्थ: 'सर, वारा उजवीकडून बारा नॉट आहे. मी नाक वाऱ्याकडे ठेवून येईन, फ्लेअरमध्ये रडरनं सरळ करीन. ऊन आहे, त्यामुळे फ्लेअर किंचित आधी घेईन. हजार फुटांवर स्थिर नसलो तर वर जातोय. तुम्हाला काही वेगळं हवं असेल तर आत्ताच सांगा.' यातून कॅप्टनना कळतं की पुढे काय दिसणार आहे, त्यामुळे त्यांचा हात शिवशिवत नाही. त्यांना दुसरं हवं असेल तर ते आत्ता, वर शांत असताना सांगतात, पन्नास फुटांवर नाही. आणि उतरल्यावर बोलायला दोघांकडे एक ठरलेलं वाक्य असतं: म्हटलं काय होतं आणि झालं काय. ज्या फर्स्ट ऑफिसरांनी ही सवय लावून घेतली त्यांना सुनावणं कमी झालेलं मी स्वतः पाहिलंय.

कुणी दुरुस्त केलं तर हवेत वाद घालू नका. मॅन्युअलच्या आत असेल तर त्यांच्या पद्धतीनं करा. जमिनीवर आल्यावर विचारा, 'सर, हे मॅन्युअलमध्ये कुठे वाचू?' उत्तरात पान मिळालं तर ती कार्यपद्धती, कारण मिळालं तर ते तंत्र, 'मी असंच करतो' मिळालं तर ती सवय. तिन्ही वहीत वेगवेगळ्या ठिकाणी लिहा. कॅप्टनची नावं लिहू नका, कारणं लिहा. काही महिन्यांत दिसेल की सवयींचं पान सगळ्यात मोठं आहे आणि त्यातलं बहुतेक सोडून दिलं तरी चालतं.

काही माणसं मात्र नुसतीच उद्धट असतात, आणि त्याला शिकवणं म्हणायचं कारण नाही. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नसतं. तिथे ओरडणं, मागच्या चुका उगाळणं हा त्या शिस्तीचा भंग आहे. तेवढ्यापुरतं 'चेक्ड' (ऐकलं, बघितलं) म्हणून पुढे जा. पुन्हा पुन्हा होत असेल तर गोपनीय सेफ्टी रिपोर्ट लिहा, आणि त्यात तुमच्या भावना न लिहिता त्या ओरडण्यामुळे कोणती हाक राहून गेली ते लिहा.

रोस्टरबद्दल. वर्षाला हजार तास आणि सात दिवसांत ३५ तास या उड्डाणाच्या मर्यादा आहेत. नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, आणि रात्रीच्या लँडिंगवरचे निर्बंध १ नोव्हेंबर २०२५ पासून आले. ते लागू होताना काय गोंधळ झाला ते तुम्ही जवळून पाहिलंच असेल. नियम तुमच्या बाजूनं थोडे सरकलेत, पण कागदावरची विश्रांती आणि शरीराची विश्रांती एक नव्हे. तुम्ही लिहिता की सुट्टीला सोलापूरला येता आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईत उतरता, त्याच दिवशी ड्युटी. आई-वडिलांना भेटायची ओढ मला कळते. पण स्लीपरच्या बर्थवर पाच तास पडून राहणं म्हणजे झोप नव्हे, आणि तुमचं ते जोरात टेकलेलं लँडिंग अशाच परतीच्या दिवशी संध्याकाळी झालं असेल तर त्याचं उत्तर थ्रस्ट कधी काढला यात शोधू नका. परतीचा प्रवास ड्युटीच्या आदल्या दिवशी संपवा. सकाळची वंदे भारत धरा, दुपारी मुंबईत पोहोचा, रात्री नीट झोपा. घरी अर्धा दिवस कमी मिळेल. आणि थकलेले असाल तर थकल्याचं कळवा, तसा रिपोर्ट देण्याची सोय त्यासाठीच असते.

आता कंपनी बदलण्याचं. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याची एटीआर सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा. गावाला किती आनंद झाला ते मी पाहिलंय. पण सोलापूरला विमान येतं म्हणजे सोलापूर वैमानिकांचा तळ होत नाही. तुमचा बेस दुसऱ्याच शहरात असेल आणि घरी येणं आजच्याइतकंच राहील. उडान या सरकारी प्रादेशिक विमानसेवा योजनेतल्या मार्गांना तोटा भरून काढायला मिळणारा तफावत निधी तीन वर्षांपुरता असतो, पुढे मार्ग टिकतो की नाही हे प्रवाशांवर ठरतं. उलट बाजूही खरी आहे. एटीआरवर फेऱ्या छोट्या, दिवसाला लँडिंग जास्त, ऑटोथ्रॉटल नाही, त्यामुळे हात लवकर तयार होतो. माझा टर्बोप्रॉपवरचा काळ मला एअरबसवर रोज उपयोगी पडला. वाढत्या कंपनीत डावी सीटही लवकर मिळू शकते.

पण केवळ कॅप्टन वेगवेगळं सांगतात म्हणून जात असाल तर जाऊ नका. तिथेही तेच असेल, आणि वर नवं विमान शिकायचं. २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, टाईप रेटिंगचा (त्या विमानाच्या प्रशिक्षणाचा) बाँड असेल तर तो वेगळा. हे सहा महिने तुम्ही काही न बदलता इथेच काढणार असाल तर त्याऐवजी आधी सहा महिने ब्रीफिंगमध्ये बोलून, डेटा बघून आणि झोपून उडा. त्यानंतरही एटीआरच आवडतंय असं वाटलं तर खुशाल जा, तो वाईट निर्णय नसेल.

बाँडचे किती महिने उरलेत, पुढची प्रोफिशियन्सी चेक (कौशल्याची ठरावीक चाचणी) कधी आहे आणि त्या लँडिंगचा डेटा बघितल्यावर काय दिसलं, हे कळवलंत तर याहून नेमकं सांगता येईल.